बोटभर खाली

खुर्ची वर जायच्या आधी बोटभर खाली गेली. आता बोटभर म्हणजे काय, कुणाच्या खिजगणतीतही नसतं एवढंसं. पण ती स्वतःच त्या खुर्चीत बसलेली होती, आणि बसलेल्याच्या पोटाला जे कळतं ते बाजूला उभ्या असलेल्याच्या डोळ्यांना कळत नाही. मग म्हाताऱ्या माणसांना जिना चढवणारी ती मोटारीची खुर्ची सावरली आणि काही झालंच नाही अशा थाटात जिना चढायला लागली. जिना तरी कसला, चाचणीसाठी वर्कशॉपच्या कोपऱ्यात बांधलेला लाकडी सांगाडा. शेवटच्या पायरीनंतर नुसती भिंत. खाली साहेब फोनवर बोलत होते आणि फिटर फडक्याला हात पुसत उभा होता. तिने दोघांना विचारलं, खुर्ची खाली गेली का? साहेबांनी फोन न सोडता मान हलवली, म्हणजे त्यांनी बघितलंच नव्हतं. फिटर म्हणाला, गेली असेल, हा जिनाच हलतो. ती उतरली, पुन्हा बसली, पुन्हा बटण दाबलं. खुर्ची गुमान वर गेली. परत खाली, परत वर. जेवणाची सुट्टी होईपर्यंत ती चढउतार करत राहिली आणि खुर्चीने एकदाही चूक केली नाही. नेमकं हेच तिला आवडलं नाही. पकडलं गेल्यावर जे एवढं सरळ वागतं त्याच्यावर तिचा कधीच विश्वास बसलेला नाही.

वर्कशॉपमध्ये तिला फौजदार म्हणत, आणि ते काही उगाच नाही. मशीन बिघडलं की बाकीचे आधी मशीन उघडत. ती आधी माणसांकडे बघे. तिने पहिल्यांदा फिटरवर संशय घेतला. मोटारीच्या वायरी त्याने अदलाबदल करून जोडल्या असतील आणि तिची पाठ वळल्यावर गुपचूप नीट केल्या असतील. तिने कव्हर उघडून वायरी तपासल्या, फिटर बाजूला तोंड फुगवून उभा राहिला, आणि वायरी अगदी जागच्या जागी निघाल्या. मग तिने पट्ट्याचा ढिलेपणा बघितला, ब्रेक बघितला. मग साहेबांवरही शंका घेऊन झाली. खुर्ची पुढच्या आठवड्यात लोकांच्या घरी बसवायची घाई त्यांनाच होती. त्यांना ते दिसलं असेल आणि दिसलं नाही म्हणत असतील. स्वतःवर शंका घ्यायची पाळी तिने नेहमीप्रमाणे शेवटी ठेवली. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती, कारण ह्या खुर्चीच्या मोटारीचा सेन्सर काढून टाकायची कल्पना तिची होती, आणि सेन्सरशिवाय मोटार चालवायचा प्रोग्रामही तिचाच होता.

मोटारीच्या पोटात एक चुंबक असतं. ते ह्या क्षणाला कुठे तोंड करून आहे हे कळल्याशिवाय त्याला ढकलता येत नाही. नाहीतर झोका अंगावर येत असताना पुढे धक्का द्यावा तसं होतं सगळं. जुन्या खुर्च्यांत ते सांगायला मोटारीच्या मागे सेन्सर असे, आणि त्याची वायर जिन्याच्या वळणावर घासून तुटे. मग कुणाचे तरी आजोबा वाळत घातलेल्या शर्टासारखे अर्ध्या जिन्यात लटकून राहत आणि ऑफिसात फोन खणखणत. तिने म्हटलं, सेन्सरच नको, मोटारीकडूनच काढून घेऊ. मोटार जोरात फिरत असली तर काहीच प्रश्न नसतो. फिरता फिरता ती स्वतःची थोडी वीज तयार करते आणि त्या विजेवरून सगळं समजतं, बडबड्या माणसासारखं, विचारावंसुद्धा लागत नाही. पंचाईत होते ती मोटार अगदी हळू असताना, नाहीतर थांबलेली असताना. तेव्हा ती तोंडातून ब्र काढत नाही. आणि म्हाताऱ्या माणसांची खुर्ची म्हणजे सगळा कारभार हळूच. मग तिला बारीक डिवचायचं. कानाला जेमतेम ऐकू येईल अशी थरथर वायरींतून आत सोडायची आणि ती कुठे अडते, कुठे सहज निघून जाते ते बघत बसायचं. त्यावरून चुंबक कुठल्या रेषेत आडवं पडलंय ते कळतं. मोटार जागची हलतही नाही. कुणी विचारून गेलं ह्याचा तिला पत्ताच लागत नाही. ह्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

घरी आई हल्ली मंदावली होती. वडील गेल्यावर आई तिच्याकडे राहायला आली तेव्हा घरभर तिचा आवाज असायचा. भाजीवाल्याशी, जावयाशी, गळक्या नळाशी, कुणाशीही बोलायची. बोलता बोलता काय हवंय, काय नकोय, कशाचा राग आलाय, सगळं सांगून टाकायची. मग गुडघे गेले. आईची खोली वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघर खाली. दिवसातून एकदा उतरायचं आणि एकदा चढायचं, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पायांबरोबर बोलणंही थांबत थांबत येऊ लागलं. पहिली खुर्ची आपल्याच जिन्याला बसवायची, हे तिने मनात केव्हाच ठरवलेलं होतं, आईला सांगूनही झालं होतं. आई तेव्हा बरं म्हणाली होती. नुसतं बरं. आणि त्या सुमारास तिला पहिल्यांदा शंका आली की आईच्या मनात वेगळंच काही तरी आहे.

शंकेला काय, एकदा वाट मिळाली की ती घरभर फिरते. आई फोन घेऊन खोलीचं दार लोटून घ्यायला लागली. दार लोटल्यावर आवाज बारीक व्हायचा, म्हणजे पलीकडे दादा. दादाचा फोन पूर्वीही यायचा, पण तेव्हा आई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलायची. मग आईने खिडकीतल्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या, म्हणाली, पाणी घालायला वाकवत नाही. मग कपाटातला एक कप्पा रिकामा झाला. तिने तो उघडून बघितला, हो, बघितला, आई अंघोळीला गेलेली असताना. त्यात काही नव्हतं, आणि काही नसलेला कप्पा भरलेल्या कप्प्यापेक्षा जास्त बोलतो असं तिला वाटलं. पण तोंडाने विचारायचं नाही. सरळ विचारलं की माणूस सावध होतं, आपल्याला हवं ते सांगतं, नाहीतर त्याला सांगायचं असतं ते. शिवाय आईला धक्का बसला असता. शंका आली त्या दिवसापासूनच तिने आपली नेहमीची पद्धत धरली होती. चहा देताना सहज म्हणायची, दादाच्या घराला जिना नाही, ते एक बरं, नाही का ग? भाजी निवडताना, दादाकडे उजेड छान येतो म्हणे. टीव्हीवर कुणाची तरी नातवंडं दिसली की, दादाची मुलं तुला बोलावत असतील ना फोनवर? आणि मग आईकडे न बघता आईकडे बघत राहायची. शेंगा सोलणारा हात कुठे थांबतो. श्वास कुठे लांबतो. आई हो म्हणायची, असेल म्हणायची, काही वेळा काहीच म्हणायची नाही. पण दादाचं नाव निघालं की हात थांबायचा. हवेबद्दल बोला, जावयाबद्दल बोला, गुडघ्यांबद्दल बोला, हात आपला चालू. दादा म्हटलं की थांबला. एवढं लख्ख उत्तर तिला कुठल्या मोटारीकडूनही मिळालं नव्हतं. आईचं मन दादाकडे लागलंय. इथे पाहुणी म्हणून राहतेय आणि तिथे जायला निघालीय, फक्त सांगायला जीभ रेटत नाही.

ह्यात नवीन काही नव्हतं, असं तिने स्वतःला समजावलं. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी पडदे ओढून आई मधे झोपायची आणि ही दोघं दोन बाजूंना. माश्या बसू नयेत म्हणून आई चादर डोक्यावरून घ्यायची. दादा डोळे मिटताच घोरायला लागे; तो पोरवयातही घोरायचा. ती मात्र टक्क जागी. आईचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हा तिचा प्रश्न. चादरीखाली एक खांदा दिसे, एक उंचवटा दिसे, आणि तो उंचवटा नाकाचा की अंबाड्याचा हे काही केल्या कळत नसे. मग ती हळूच खोकायची. खांदा जरासा हलायचा. आई इकडेच बघतेय, असं म्हणून ती खूश व्हायची, आणि लगेच वाटायचं, तिकडे तोंड असतं तरी खांदा हललाच असता. चादर ओढून बघायची सोय नव्हती. झोपमोड केली तर आई चिडायची, आणि चिडून मुद्दाम पलीकडे वळली तर? त्यापेक्षा खोकत राहणं बरं. कित्येक दुपारी ती अशी खोकत पडून राहिली, इतकी की आईने एकदा डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत काही नाही. घरी येताना आईने तिचा हात धरला होता आणि दादाला कडेवर घेतलं होतं, वर्षाने मोठा असून, का तर त्याचा बूट लागत होता म्हणून. बूट! तिला अजून त्या बुटाचा राग येतो. चाळिशी उलटलेली बाई, हाताखाली माणसं आहेत, आणि एका चिमुकल्या बुटावरून अजून रुसून बसते, म्हणजे हसावं की रडावं.

नवऱ्याला ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बसली का तुमची चौकशी समिती. पण त्या सकाळी, खुर्ची खाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तो बुटाची नाडी बांधता बांधता सहज बोलून गेला की आईंनी काल माळ्यावरची मोठी बॅग काढून मागितली, चाकं नीट आहेत का बघा म्हणाल्या. तिने विचारलं, मग? तो म्हणाला, मग काय, काढून दिली, चाकाला तेल घातलं. तेल घातलं! तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो नाडी सोडून उभा राहिला. ह्याला माहीत होतं. ह्याला किती दिवस माहीत आहे? दादाशी हाही बोलत असणार. सगळे एकमेकांशी बोलतायत आणि घरात आपण एकट्याच भिंतीसारख्या. तो बिचारा म्हणाला, अग, मला वाटलं तुमचं दोघींचं ठरलंय. हे वाक्य तिने ऐकलं आणि बाजूला ठेवलं, कारण तिला त्यात फक्त सारवासारव दिसली. वर आईच्या खोलीतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. ती वर गेली नाही. पर्स उचलली आणि बाहेर पडली, आणि बसथांब्यावर उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. तिने घाईघाईने रुमाल काढला आणि मागचा माणूस बघतोय का ते बघितलं. तो खरंच बघत होता.

वर्कशॉपमध्ये तिने आधी खुर्चीला हातच लावला नाही. कालच्या सगळ्या फेऱ्या कॉम्प्युटरवर जमा झालेल्या होत्या. ती चुकलेली फेरी तिने पडद्यावर घेतली. ब्रेक सुटायच्या आधी मोटारीने काय सांगितलं, प्रोग्रामने काय ऐकलं, सगळं तिथे होतं. तिला वाटलं होतं की तिथे गोंधळ दिसेल, रेषा विस्कटलेली असेल. तसं काहीच नव्हतं. चुंबक ज्या रेषेत होतं तीच रेषा प्रोग्रामने पकडली होती, केसाचाही फरक नाही. फक्त उत्तर टोक जिथे होतं तिथे त्याने दक्षिण टोक धरलं होतं. रेषा बरोबर, तोंड उलटं. त्यामुळे वर न्यायला म्हणून जेवढा जोर लावला तेवढा सगळा खाली नेणारा झाला; मोटार फिरायला लागली तेव्हा कुठे प्रोग्रामला चूक कळली आणि खुर्ची सावरली. ती कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत मागे टेकली. बारीक थरथरीला चुंबकाची दोन्ही टोकं सारखीच लागतात, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. नवशिक्या पोरांना ती हेच पहिल्यांदा शिकवायची. टोक ओळखायचं तर त्याला उपाय एकच. निघायच्या आधी एकदा इकडून आणि एकदा तिकडून चांगला दणकून करंट द्यायचा. लोखंडात चुंबकाचा जोर आधीच भरलेला असतो त्या बाजूला करंट जास्त चढतो, मग शंकेला जागा राहत नाही. पण त्या दणक्याने मोटारीतून टक असा आवाज येतो, आणि खुर्चीला हलका झटका बसतो. म्हातारी माणसं दचकतील, म्हणून तिनेच तो दणका कमी करत आणला होता. कमी, आणखी कमी, इतका की तो असून नसल्यासारखा झाला. एरवी भागलं. काल नाही भागलं. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीपर्यंत जे बरोबर आलं ते मोटार आधीच कुठे आहे हे प्रोग्रामच्या लक्षात होतं म्हणून, त्याने नव्याने ओळखलं म्हणून नव्हे.

तिने दणका पूर्ववत केला आणि खुर्ची चालू केली. टक. टक. फिटर लांबून म्हणाला, हां, आज बोलली तुमची मोटार. खुर्ची वर गेली. तिने मोटारीची वीज तोडली, हाताने चुंबक फिरवून दर वेळी वेगळ्याच जागी ठेवलं, पुन्हा पुन्हा चालू केली. एकदाही चुकली नाही. साहेबांना सांगितलं की दोष सापडला, माझाच होता, पण आठवडाभर आणखी तपासल्याशिवाय एकही खुर्ची कुणाच्या घरी जाणार नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि हो म्हणाले. एरवी अशा वेळी ती उगाच इकडे तिकडे फिरून सगळ्यांच्या चहाचे पैसे देत असे. आज ती पडद्यासमोरच बसून राहिली. शेंगा सोलणारा आईचा हात थांबला होता, हे खरं. दादाचं नाव निघालं की थांबत होता, हेही खरं. रेषा बरोबर होती. तिने अर्धी रजा टाकली आणि घरी निघाली, आणि सबंध वाटेत तिला नवऱ्याचं ते बाजूला ठेवलेलं वाक्य ऐकू येत राहिलं. मला वाटलं तुमचं दोघींचं ठरलंय. ठरलंय असं त्याला कुणी सांगितलं? आईने. म्हणजे ठरलं असं आईला वाटतंय. आईला कुणी सांगितलं?

आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग जमिनीवर उघडी पडलेली. दुपारचं ऊन रिकाम्या खिडकीतून थेट पलंगापर्यंत आलं होतं. लेक ह्या वेळी घरी कशी, असं आईने विचारलं नाही. सरकून जागा करून दिली. ती बसली नाही. तिला वाटलं, बसलो तर आपण पुन्हा हवेबद्दल, उजेडाबद्दल बोलायला लागू.

“आई, तुला दादाकडे जायचंय का?”

केवढ्याने विचारलं गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. आई खरंच दचकली. मांडीवरचा टॉवेल खाली पडला.

“तू म्हणतेस म्हणून निघालेय,” आई म्हणाली.

“मी कधी म्हटलं?”

“रोज म्हणतेस की.” आईचा आवाज चढला नव्हता, भांडायचं म्हणून ती बोलतच नव्हती. “दादाकडे जिना नाही. दादाकडे उजेड आहे. दादाची मुलं वाट बघतात. मला काय कळत नाही का ग? तुझी नोकरी, तुझं घर, त्यात माझे गुडघे. तोंडावर जा म्हणवत नव्हतं तुला, म्हणून मीच दादाला फोन केला. म्हटलं, पोरीला जड होतंय, तू ने मला. तुझ्या देखत कसं बोलणार हे?”

तिने भिंतीला हात टेकला. एक एक प्रश्न तिला आठवत गेला, चहाचा, शेंगांचा, टीव्हीपुढचा, आणि प्रत्येक प्रश्न तिने विचारला होता तसाच होता, एक अक्षर बदललेलं नव्हतं, आणि प्रत्येकाचा अर्थ, तू जा. दादाचं नाव निघालं की तो हात थांबायचा तो हुरळून थांबत नव्हता; घाबरून थांबत होता. आणि आपण ते बघत होतो, मनात नोंदवत होतो, पुन्हा डिवचत होतो. तिने सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली की मी तुला घालवत नव्हते ग, तूच जायला निघालीयस का ते बघत होते. मला वाटलं तुझं मन तिकडेच आहे, पहिल्यापासून तिकडेच आहे. बोलता बोलता तिचा आवाज फाटला आणि मग ती रडली, लपवायचं न सुचून, लहान मुलासारखी सूं सूं करत. आईने तिला ओढून शेजारी बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. वेडी आहेस तू, आई म्हणाली, वेडी कुठली. विचारायचं नाही का? तोंड होतं ना तुला.

“विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

“तेव्हा? तेव्हा म्हटलं असतं, मी कुठे जात नाही, तुझी खुर्ची आण आधी.”

“मग राहा,” ती म्हणाली. “दादाला मी सांगते. आजच सांगते. राहा तू.”

पाठीवरचा हात थांबला. खाली पडलेला टॉवेल आईने पायाने जवळ ओढला, वाकवेना म्हणून तसाच राहू दिला. मग तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं.

“रागावून नाही हं सांगत,” आई म्हणाली. “पण इतके दिवस मी जायचं जायचं म्हणून मनाची तयारी करत होते. पहिल्यांदा फार जड गेलं. रात्र रात्र डोळा लागला नाही. मग हळूहळू तिथली खोली डोळ्यांपुढे यायला लागली. पोरं फोनवर भांडतात, आजी माझ्या बाजूला झोपणार म्हणून. दादाने खिडकीपाशी पलंग हलवलाय. आता मला खरंच जावंसं वाटतंय ग.”

ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. सवयीने तिने त्यात काही शोधायचा प्रयत्न केला, कुठे डोळे चुकतायत, कुठे ओठ थरथरतोय, लेकीला बरं वाटावं म्हणून आई खोटं तर बोलत नाही ना. काही नव्हतं. आई सरळ तिच्याकडे बघत होती, आणि जे म्हणत होती ते खरं होतं. तिला पुन्हा विचारावंसं वाटलं नाही. ती खाली वाकली, टॉवेल उचलला, त्याची घडी घातली आणि बॅगेत ठेवली. मग पलंगावरचे बाकीचे कपडे घ्यायला तिने हात पुढे केला, आणि आई एक एक करून देत गेली.